अडलेल्याशी केलेला सौदा

दिवाळी जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो. रस्त्याच्या कडेला पणत्या मांडून बसलेल्या आजीबाईंचा फोटो आणि खाली चार ओळी: मॉलमध्ये निमूट पैसे मोजता, मग हिच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत का घालता? पाठवणाऱ्यांचं मन चांगलं असतं, यात शंका नाही. तरी तो मेसेज आला की माझं डोकं फिरतं. त्यातली निम्मी गोष्ट खरी नाही आणि उरलेल्या निम्म्यात त्या बाईकडे ज्या नजरेने पाहिलंय ती मला खटकते.

त्या आजीबाईंनी कुंभाराकडून शेकड्यावर माल उचलला तेव्हा त्यांनीही घासाघीस केलीच असणार. डझनाला किती सांगायचे, कितीला सोडायचे, कुठल्या आकड्याखाली उतरायचंच नाही, हे सगळं जागेवर बसण्याआधी ठरलेलं असतं. गाडी लावून उतरलेल्या गिऱ्हाइकाला जरा चढा आकडा सांगायचा, हेही त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. अशा धंदा करणाऱ्या बाईला आपण एका फॉरवर्डमध्ये दयेचा विषय करून टाकतो. वर तिने मागितले तेवढे पैसे दिले म्हणून आपणच मोठे.

घासाघीस करावी की करू नये, या वादात मला काही अर्थ दिसत नाही. विचारायचं असेल तर हे विचारावं की सौदा मोडला तर कोणाचं काय जातं? दोघांनाही ‘राहू दे मग’ म्हणून उठता येत असेल तर खुशाल भाव करावा, अगदी पाच रुपयांसाठी करावा. पण दोघांपैकी एकाला उठताच येत नसेल, तर तिथे हसतखेळत झालेला व्यवहारही अडवणूकच असते. आणि अशी अडवणूक पणत्यांच्या पाटीपाशी क्वचित होते. ती जिथे रोज होते तिथले फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

माझ्या लहानपणी निफाडला दुपारच्या वेळी बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. ओट्यावर बसकण मारली की ती आधी पाणी मागायची आणि मग आईने काढलेले कपडे एकेक करून उजेडात धरायची. शर्टाची कॉलर उलटून बघायची, पँटच्या बुडावरून हात फिरवायची.

“वैनी, ही तर पार विरलीय. हिचं काय करू मी?”

“विरलीय कुठं? आणि साडीचे काठ बघ ना. जर आहे त्याला.”

“जर कसली, खोटीय ती.”

आईला झाकणाचा डबा हवा असायचा, बोहारीण तिला पातेल्यावर आणू बघायची. एका टप्प्यावर ती डबा पाटीत टाकून उठायचीच. फाटकापर्यंत जायची. आई तिला हाक मारायची नाही, ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालायला लागायची. मग फाटकापासून आवाज यायचा, “एक टॉवेल टाका वर, द्या सोडून.” टॉवेल नाही, पोरांचे दोन फ्रॉक, यावर मिटायचं. त्यानंतर चहा आणि मग शेजारच्या आळीत कोणाची सून नांदत नाही वगैरे बातम्या.

या व्यवहारात कोणी कोणाला लुबाडत नव्हतं. जुन्या कपड्यांची पुढे किती किंमत येते हे बोहारणीला पक्कं ठाऊक होतं, आईला डब्याची दुकानातली किंमत ठाऊक होती. बोहारणीला पुढची दहा दारं होती; आईला महिन्याभरात दुसरी बोहारीण मिळणार होती. म्हणून दोघी तासभर भांडू शकत होत्या आणि भांडून झाल्यावर एकत्र चहा पिऊ शकत होत्या. त्या बाईला कोणी ‘बिचारी’ म्हटलं असतं तर तिने पाटी उचलून त्या घराला कायमचा रामराम ठोकला असता.

आता मॉलचं. तिथे आपण भाव करत नाही हे खरं, पण भाव होत नाही हे खरं नाही. तो आपल्या आधी होऊन गेलेला असतो. मोठ्या साखळी दुकानांत माल खरेदी करणारी माणसं पगारावर ठेवलेली असतात आणि पुरवठादाराला दाबून किंमत पाडून घेणं एवढंच त्यांचं काम असतं. त्यात मिळवलेल्या फरकातला थोडासा ‘ऑफर’ म्हणून आपल्यापुढे येतो. पाकिटावर छापलेली एमआरपी हीसुद्धा कमाल किंमत आहे. कायद्याने तिच्यापेक्षा जास्त घ्यायला बंदी आहे, कमी घ्यायला कोणाचीच हरकत नाही. औषधाच्या दुकानात १० टक्के सूट मागणारा माणूस कायद्याच्या चौकटीत राहून घासाघीसच करत असतो. सराफाकडे सोन्याचा दर फलकावर लिहिलेला, त्याबद्दल अवाक्षर नाही, पण घडणावळीवर काय रंगतं ते लग्नसराईत बघावं. फ्लॅट घेताना तर पार्किंगपासून मॉड्युलर किचनपर्यंत सगळं ओढून घेतलं जातं. मध्यमवर्ग घासाघीस विसरलाय असं ज्याला वाटतं त्याने बिल्डरच्या ऑफिसात एक दुपार बसावं.

तरीही एकच भाव ही गोष्ट मला मोठी वाटते. पुण्यातल्या ‘भाव एकच’ छापाच्या पाट्यांवर आपण वर्षानुवर्षं विनोद करत आलो, पण त्यामागचा विचार थट्टेवारी न्यावा असा नाही. १६७३ साली जपानमध्ये, एदो म्हणजे आजच्या टोकियोत, मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्याने एचिगोया हे कापडाचं दुकान काढलं. त्याआधी बडे कापडवाले सरदार-दरकदारांच्या वाड्यावर माल घेऊन जायचे, उधारीवर द्यायचे, वसुली पुढे कधीतरी, आणि किंमत गिऱ्हाइकाप्रमाणे. मित्सुईने सांगितलं: दुकानात या, रोख द्या, सगळ्यांना एकच भाव. सरदाराचा नोकर आला काय आणि सुतार आला काय, कापडाचा दर तोच. तिकडे इंग्लंडात त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे व्यापारी वाढवून भाव सांगणं हे खोटं बोलणं आहे असं मानत होते. त्यांच्या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी तो फसून येणार नाही, अशी त्यांची ख्याती झाली आणि धर्मबुद्धीने सुरू केलेली गोष्ट गल्ल्याला मानवली. १९व्या शतकात न्यूयॉर्कला स्टुअर्ट, पॅरिसला बूसिको, फिलाडेल्फियाला वॉनामेकर यांनी हीच रीत प्रचंड दुकानांत नेली. तिथे कारण अधिक व्यवहारी होतं. घासाघीस चालू असेल तर काउंटरवर मालक किंवा मुरलेला माणूसच बसावा लागतो. किमतीची चिठ्ठी लावली की कमी पगाराचे शेकडो नवखे विक्रेते चालतात.

कारण काहीही असो, एकच भाव ही दुबळ्याच्या बाजूची व्यवस्था आहे. घासाघिशीत तोंड बघून भाव सांगितला जातो, आणि तोंडावर माणसाचं बरंच काही लिहिलेलं असतं. अमेरिकेत मोटारींच्या शोरूममध्ये आजही भाव होतो. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या अभ्यासकांनी शिकागोच्या परिसरात गोरे-काळे, स्त्री-पुरुष अशी माणसं गिऱ्हाईक बनवून पाठवली. सगळ्यांना एकच संवाद पाठ करून दिलेला, एकाच पद्धतीने भाव करायचा. १९९५ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. त्याच मोटारीसाठी कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या पुरुषांपेक्षा शेवटी सुमारे हजार डॉलर जास्त सांगितले गेले होते. विक्रेत्याला तोंडाने एक अपशब्द काढावा लागला नाही. सगळा भेदभाव किमतीत मावला.

आपल्याकडे असा प्रयोग करायची गरज नाही, लग्नाचा बस्ता बघितला तरी पुरे. खेड्यातून दहा-पंधरा माणसं जीपने तालुक्याला येतात. दुकानदार पांढऱ्या गादीवर बसवतो, चहा सांगतो, वरमाईला ‘मावशी’ म्हणतो. खेड्यातली माणसं हुशार असतात, ती बोलायला येणारा एक माणूस मुद्दाम बरोबर आणतात. तो नात्यातला असेलच असं नाही. कोणी मास्तर, कोणी पतपेढीतला कारकून. ज्यांना असा माणूस मिळत नाही त्यांचा बस्ता महाग पडतो. म्हणजे त्याच साडीची किंमत तुमच्या गोतावळ्यात शहर बघितलेलं कोणी आहे की नाही यावर ठरली. नुसत्या बोलण्याच्या लकबीवरून, पायातल्या चपलेवरून, आडनावावरून भाव बदलतो हे ज्यांनी भोगलंय त्यांना घासाघिशीच्या गोडव्याचे लेख वाचून हसू येत असेल. त्यांच्यासाठी चिठ्ठी लावलेलं दुकान हे मोठं स्वातंत्र्य आहे. आत जावं, आकडा वाचावा, परवडत नसेल तर कोणाशी एक शब्द न बोलता बाहेर पडावं.

‘पण ती आपली संस्कृती आहे हो,’ असं म्हणणारे भेटतात. पूर्वेकडचे लोक घासाघीस करणारे आणि पश्चिमेकडचे सरळ, अशी एक ढोबळ वाटणीही ऐकू येते. ती टिकत नाही. एकच भावाचा एक जुना ठळक दाखला पूर्वेकडच्या जपानचा निघाला, हे वर आलंच. जर्मनीत १९३३ पासून कायदाच होता की किरकोळ दुकानदाराने रोख घेणाऱ्याला ३ टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. तो कायदा रद्द झाला २००१ मध्ये. ज्याला आपण जर्मन शिस्त म्हणतो त्यातला एक तुकडा एवढा साधा, सरकारी होता. आणि त्याच जर्मनीत रविवारच्या जुन्या बाजारात शिस्तप्रिय मंडळी एका दिव्यासाठी दोन युरोवरून अडून बसतात. वस्तू जुनी, एकच नग, तिची किंमत कोणालाच माहीत नाही. मग दुसरं करणार काय?

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात केला, त्याचंही म्हणणं साधारण हेच. अशा बाजारात माहितीचाच दुष्काळ असतो. माल एकसारखा नाही, वजन-माप पक्कं नाही, काल काय भाव गेला हे लिहिलेलं नाही. मग माणसं दोन गोष्टी करतात: एकाच दुकानदाराला धरून राहतात आणि घासाघीस करून माहिती काढतात. तिथली घासाघीसही नुसती पैशाची नसते; नग किती, प्रत कोणती, उधारी किती दिवसांची, सगळ्यावर चालते. आपल्या भाजीवालीकडे भाव उतरत नाही तेव्हा कढीपत्ता आणि दोन मिरच्या वर पडतात, ते त्यातलंच. संस्कृतीचा रंग त्यावर नंतर चढतो. इराणमध्ये पैसे किती विचारल्यावर दुकानदार आधी ‘तुमच्यापुढे त्याची काय किंमत’ म्हणतो आणि दोनदा आग्रह झाल्यावर आकडा सांगतो. आमची कोळीण ‘नुसती बघतेस काय, वास फुकट हाय’ म्हणून सुरुवात करते. बोलायची तऱ्हा वेगळी, पण पापलेटचा वाटा ताजा आहे की बर्फातला, हे कल्ले बघून ओळखणाऱ्या बाईलाच दोन्हीकडे स्वस्त पडणार.

म्हणजे हातात दोन गोष्टी लागतात, भाव माहीत असणं आणि उठून जाता येणं. आणि पहिली असली की दुसरी सोपी होते. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाइल पोहोचला तेव्हा रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या तारलीच्या भावाचा माग ठेवला. आधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी समुद्रात फेकली जायची आणि दहा-पंधरा किलोमीटरवर तीच मिळत नसायची. फोन आल्यावर मच्छीमार होडीतूनच चार बंदरांचे भाव विचारायला लागले. बंदरा-बंदरातला फरक मिटत गेला, फेकाफेक थांबली. कोणी कोणावर दया केली नाही, कोणी ‘मच्छीमारांशी घासाघीस करू नका’ असा मेसेजही पाठवला नाही. त्यांना दुसरीकडे जाता आलं, एवढंच.

उलट बाजूने बघायचं तर दवाखाना. तिथे माणूस पूर्ण अडलेला असतो. छातीत कळ आलेल्या माणसाने स्टेंटचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचा, भाव कसा करायचा? औषधकोशच काढून बसायचं? २०१७च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याआधी लेपवाल्या स्टेंटवर छापलेली किंमत सरासरी एक लाख वीस हजारांच्या आसपास होती. एका सरकारी कागदाने ती चौथाईवर आली आणि माझ्या माहितीत तरी त्यामुळे कोणी स्टेंट विकायचा कायमचा बंद केला नाही. ही एवढी जागा त्या किमतीत होती आणि कुठल्याही रुग्णाला ती घासाघीस करून काढता आली नव्हती.

बिलाच्या खिडकीवर मात्र घासाघीस होते, सगळ्यांना माहीत आहे. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक नगरसेवकाला फोन लावतात, तो कोणाला तरी फोन लावतो आणि बिलातून दहा-वीस हजार कमी होतात. ज्याच्याकडे नंबर आहे त्याला सूट, ज्याच्याकडे नाही तो मंगळसूत्र गहाण ठेवतो. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायची सक्ती आहे. तो हक्क आहे. पण तोही बहुतेकांना मेहेरबानी म्हणून, कोणाच्या तरी चिठ्ठीवर मिळतो. दरपत्रक दर्शनी भागात लावणं हा इथे शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो.

फोनवरच्या ॲपनी वेगळाच खेळ मांडलाय. बाहेरून बघता तिथे एकच भाव, पडद्यावर छापलेला, बोलायची सोय नाही. पण तो भाव माझा वेगळा आणि तुमचा वेगळा असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या दोन्ही कंपन्यांना नोटिसा काढल्या: एकाच प्रवासाला फोन कोणता आहे यावरून वेगळं भाडं लावता का? दोघींनीही नाही म्हटलं. त्याच वर्षी मे महिन्यात गाडी येण्याआधीच ‘टिप’ मागण्याच्या सोयीवरून उबरला पुन्हा नोटीस गेली. पाऊस कोसळतोय, लोकल बंद आहेत, आणि पडद्यावर प्रश्न येतो की अजून पन्नास देता का, म्हणजे गाडी लवकर मिळेल. हा अडलेल्याशी सरळसरळ भाव करणं आहे. रिक्षावाला ‘दीडपट होतील’ म्हणाला की आपण त्याला अद्वातद्वा बोलतो. निदान त्याला आपण दिसत असतो आणि त्याच्याशी भांडता येतं. पूर्वी बस्त्याच्या दुकानात गादीवर बसलेला शेठ आपली ऐपत चपलेवरून जोखायचा. आता तेच काम आपल्या खिशातलं यंत्र करू शकतं, आणि आपल्या बाजूने बोलायला मास्तर नाही की पतपेढीतला कारकून नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी अडवणूक मात्र जिथून आपलं ताट भरतं तिथे आहे. शेतमालाचा व्यवहार हा जगातला बहुधा सगळ्यात जुना असमान सौदा असावा. इस्लामी परंपरेत पैगंबरांची एक आज्ञा सांगितली जाते की माल घेऊन येणाऱ्या तांड्यांना गावाबाहेर जाऊन गाठू नका. कोणी तसं घेतलंच, तर विकणाऱ्याला बाजारात पोहोचून भाव कळल्यावर सौदा मोडायची मुभा आहे. इतक्या जुन्या काळी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की शहराचा भाव ठाऊक असलेला आणि नसलेला, या दोघांमधली घासाघीस प्रामाणिक असूच शकत नाही. आपल्याकडे बांधावर येऊन होणाऱ्या शिवार खरेदीत हाच पेच आहे. मोबाइलवर भाव कळतो हे खरं, पण तोडणीला आलेला माल आणि दारात उभा टेम्पो, यात कळून उपयोग काय?

बाजार समित्यांचा १९६३चा कायदा याच अडवणुकीतून शेतकऱ्याला सोडवायला आला. उघड लिलाव, परवानाधारक व्यापारी, पक्की पावती. त्याआधीची आणि कित्येक ठिकाणी नंतरचीही रीत म्हणजे रुमालाखालचा सौदा. दोन हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा. जनावरांच्या बाजारात हेड्यांचे, म्हणजे दलालांचे, हात अजूनही असे टॉवेलखाली जातात, आणि वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्यांवरही ते जात असल्याच्या तक्रारी कोकणातले बागायतदार वर्षानुवर्षं करत आलेत. देवगडचा माणूस देवगडात, त्याची पेटी वाशीत, भाव रुमालात. त्याच्या हाती फक्त पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, येते.

कांद्याचं तसं नाही, तिथे सगळं उघड्यावर होतं. लासलगावात ट्रॅक्टर रांगेत लागतात, समितीचा माणूस आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कोणी मूठभर कांदे उचलून दाबून बघतो, आकडे ओरडले जातात, मिनिटभरात भाव फुटतो, म्हणजे ठरतो, आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. शेतकरी ट्रॉलीवर उभा असतो. भाव पसंत नसेल तर त्याला नाही म्हणता येतं. माझ्या मामांना मी एकदाच नाही म्हणताना पाहिलंय. पंचवीस किलोमीटरचं डिझेल, पहाटेपासूनची रांग, उद्या भाव आणखी उतरला तर, आणि लाल कांदा असेल तर थोड्याच दिवसांत त्याला फुटणारे कोंब. हे सगळं त्या मिनिटभरात नाहीच्या आड येतं.

उन्हाळ कांद्याची गोष्ट वेगळी. तो चाळीत चार-पाच महिने टिकतो, म्हणून उन्हाळ कांदेवाला शेतकरी घरी बसून वाट बघू शकतो. कांदाचाळीला मिळणारं अनुदान हे शेतकऱ्याला नाही म्हणायची ताकद विकत घेऊन देणारं अनुदान आहे, आणि माझ्या मते कुठल्याही कर्जमाफीपेक्षा ते जास्त कामाचं आहे. लाल कांद्याला ही सोय नाही, तो आला की विकावाच लागतो. आणि ८ डिसेंबर २०२३ला, लाल कांद्याचा हंगाम भरात असताना, केंद्राने एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली. आदल्या दिवशीचा भाव दुसऱ्या दिवशी राहिला नाही. शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, रास्ता रोको केला, आणि शेवटी माल विकला, कारण दुसरं काय करणार होते? शहरात राहणारे आपण कोपऱ्यावरच्या गाडीपाशी दहा रुपये सोडून देतो आणि आपल्या वतीने दिल्ली हजारो ट्रॉल्यांचा भाव पाडून आणते. महागाई आटोक्यात आली म्हणून आपण खूश. ही घासाघीस आपणच केलेली आहे, फक्त आपलं तोंड त्यात दिसलं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याला हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाऊन २ रुपयांचा धनादेश मिळाला होता. त्या कांद्याची भजी खाताना कोणी ‘भाव करू नका’ असं म्हटलं नव्हतं.

आणि लिलावात भाव फुटला म्हणजे सुटका झाली असंही नाही. भुईकाट्यावर वजन होऊन ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. ट्रॉलीचा फाळका उघडतो, कांदा खाली ओतायला लागतो आणि निम्मा ओतून झाल्यावर खळ्यावरचा माणूस म्हणतो, “भाऊ, खाली सगळी गोलटी निघाली. जोड पण आहे. या भावात नाही बसत.” गोलटी म्हणजे बारीक कांदा, जोड म्हणजे जुळा; आणि अशी हरकत काढून भाव पाडण्याला वांधा म्हणतात. मामांच्या एका ट्रॉलीला क्विंटलमागे दीडशे रुपये असे गेले. लिलाव चारचौघांत झाला होता, पावती खिशात होती, पण अर्धा कांदा खळ्यावर आणि अर्धा ट्रॉलीत, अशा अवस्थेत माणूस कुठे उठून जाणार? पुन्हा पोत्यात भरायला मजूर कोण देणार? वांधा मिटवायला समितीची माणसं असतात, पण ती येईपर्यंत दिवस मावळतो, आणि मागे दुसऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत असतो.

व्यापाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. वरच्या थरात मोठा, एकसारखा कांदा लावायचा आणि तळाशी गोलटी ढकलायची, हे शेतकरी करत नाहीत असं कोणी छातीठोक म्हणू नये. मिनिटभराच्या लिलावात तळाचा कांदा दिसत नाही, हा व्यापाऱ्याचा खरा अडसर आहे. पण मग तो लिलावाच्या जागीच दूर करा. ट्रॉलीचा फाळका लिलावाआधी उघडून वरचा, मधला, तळाचा असा घमेलंभर कांदा काढावा, समितीच्या माणसाने तो सगळ्यांसमोर पाटीत ओतावा, आणि त्यावर बोली लागावी. त्या पाटीचा नमुना पोत्यात बांधून, शिक्का मारून समितीकडे ठेवावा. फोटो काढायला तर आता पैसाही पडत नाही. खळ्यावर वांधा निघाला तर पोतं उघडायचं. माल नमुन्यासारखा असेल तर फुटलेल्या भावाने पूर्ण पैसे, आणि एकाच व्यापाऱ्याचे वांधे हंगामात पुन्हा पुन्हा खोटे निघाले तर त्याचा परवाना हंगामापुरता बंद. माल नमुन्यापेक्षा हलका असेल तर शेतकऱ्याने भावातली कटती सोसावी. यात एका ट्रॉलीला पाच-सात मिनिटं जास्त जातील आणि लिलाव संध्याकाळपर्यंत लांबतील, हे खरं आहे. समित्या याच कारणाने नाही म्हणतील. मग लिलावाच्या दोन ओळी लावा, माणसं वाढवा. बाजार फी त्यासाठीच तर घेतली जाते.